इंगोले मॅडमचं चांदीचं पाणी

मालेगावच्या बसस्टँडसमोर बॅटऱ्यांचं एक दुकान आहे. आमचं मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, अकोल्याच्या रस्त्यावरचं. घरच्या इन्व्हर्टरसाठी पाणी घ्यायला मी तिथं गेले होते. माझ्यापुढं एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, आणि उजव्या हाताची बोटं पेरांपर्यंत काळी. दुकानदार त्यांना विचारत होता, “मॅडम, तुमच्या घरी बॅटऱ्या तरी किती हायेत? दर आठवड्याले कॅन नेता.”

“एकबी नाई. मले नुसतं पाणी पायजे.”

“पाण्याचं काय करता मंग?”

“चांदी करते,” त्या म्हणाल्या.

दुकानदार हसला. त्या हसल्या नाहीत. पाण्याचा कॅन त्यांनी लेकरासारखा कमरेवर घेतला आणि कॉलेजच्या रस्त्याला लागल्या. मीही त्याच रस्त्यानं निघाले होते. मी त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि रसायनशास्त्राला तासिका तत्त्वावर नव्या मॅडम आल्याचं कानावर आलं होतं. त्या ह्याच, संध्या इंगोले. माहेर कामरगावकडचं, सासर मेडशीचं.

बॅटरीच्या पाण्याचं कारण त्यांनी मला रस्त्यातच सांगितलं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला की पाणी ताकासारखं पांढरं होतं आणि सगळी मेहनत वाया जाते. शुद्ध पाणी करायचं यंत्र कॉलेजात होतं, पण मी तिथं लागल्यापासून ते बंदच पाहिलं होतं. मॅडमनी त्याची तक्रार केली नाही. स्टँडवर बॅटरीचं दुकान दिसलं, तेवढं त्यांना पुरलं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. कुठल्याही झाडाचा पाला धुवायचा, शुद्ध पाण्यात उकळायचा, गाळायचा. तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात थेंबथेंब सोडायचा आणि काचेचा चंबू खिडकीत उन्हात ठेवायचा. पाण्यासारखं पाणी आधी पिवळसर होतं, मग मधासारखं, मग कोऱ्या चहासारखं. पाल्यातल्या रसायनांनी चांदीचे इतके बारीक कण केलेले असतात की ते साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. ह्या कणांनी जंतू मरतात. मॅडमची पीएच.डी. त्यावरच होती, आणि त्यांनी झाड निवडलं होतं तरोटा. बाकी महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात. पावसाळ्यात बांधाबांधावर उगवतो, आम्ही त्याची भाजी खातो, आणि सोयाबीनमध्ये आला की शिव्या देतो.

“तरोटाच काहून?” मी विचारलं होतं.

“इकत आणावा लागत नाई,” त्या म्हणाल्या. मग कॅन दुसऱ्या कमरेवर घेत, “आन् त्याले कोणी विचारत नाई.”

मेडशीहून सकाळच्या एसटीनं त्या यायच्या. साडीच्या काठाला कुत्री गवताची कुसळं आणि गोखरूचे काटे चिकटलेले असायचे, कारण फाट्यापर्यंत येताना बांधावर उतरून पाला खुडलेला असायचा. आल्या आल्या त्या खिडकीशी जायच्या. कुठलीही बाटली हातात आली की उजेडात धरून पाहायची त्यांना सवयच होती. सरबताचा पेला धरायच्या, खोकल्याचं औषध धरायच्या. एकदा एका पोरीच्या बारशात गुळाच्या पाण्याचा ग्लास उजेडात धरला, तर यजमानीण बाई घाबरली की पाण्यात काही पडलं की काय.

हातांचे काळे डाग तर प्रसिद्धच होते. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं आणि कातडी जाईपर्यंत निघत नाही. गावाकडच्या लग्नात नवरीला हळद लावायला त्या पुढे झाल्या, तेव्हा कुण्या म्हातारीनं त्यांचा हात हळूच बाजूला केला. हे त्यांनी मला सांगितलं, आणि पुढच्या वाक्याला सरळ गाळणकागदाच्या विषयावर आल्या.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. चंबूत रंग आला की पोरं टाळ्या वाजवायची. त्या म्हणायच्या, “टाळ्या कायले? रंग तर चहालेही येतो. चांदी झाली का ते मोजून पाहू, मग वाजवा.” दुसरं वाक्य माझ्यासाठी होतं. जंतूंच्या ताटल्या माझ्या विभागात वाढत. जेलीवर जंतू पसरले की मॅडम त्यावर कणांच्या पाण्यात बुडवलेली कागदाची टिकली ठेवत. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती गोल, स्वच्छ कडं दिसे. तिथं जंतू वाढलेलेच नसत. मला ते पाहून फार आनंद व्हायचा. मॅडम पट्टीनं कडं मोजत आणि म्हणत, “राऊत मॅडम, ताटली म्हणजे माणूस नव्हे.”

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेतून मॅडमच्या फोनवर आला, तो दिवस मला आठवतो. करड्या पार्श्वभूमीवर काळे, गोल ठिपके, जसे मोहरीचे दाणे सांडावेत. मॅडमनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीवर बसून राहिल्या. दरवर्षी जूनमध्ये आपले तास राहतील की जातील ह्याची वाट पाहणारी, घरी दहा माणसांच्या भाकरी करून येणारी ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण मोकळी दिसली. “हे माह्या मेडशीच्या तरोट्यानं केलं,” एवढंच म्हणाल्या.

ह्यानंतरच्या उन्हाळ्यात सगळं फिरलं.

सुट्टीत कॉलेजचा फ्रिज बंद असायचा. कण पाण्यात टिकून राहतात की तळाला बसतात हे पाहायचं होतं, म्हणून मॅडमनी काही बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून घरी नेल्या आणि माजघरातल्या कोनाड्यात ठेवल्या. कोणी हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. त्याच सुमारास त्यांच्या सासऱ्यांच्या तळपायात बाभळीचा काटा गेला. नामदेवराव साखरेचे पेशंट. काट्याची जखम चिघळली, पाय सुजला. मॅडमनी दुसऱ्या दिवशीच त्यांना वाशीमच्या दवाखान्यात नेलं. इन्सुलिन सुरू झालं, ड्रेसिंग सुरू झालं. एक दिवसाआड त्या म्हाताऱ्याला घेऊन जात आणि घरी आल्यावर त्यांचा पाय उशीवर ठेवत.

सासूबाईंनी, गोदाबाईंनी, एकदाच विचारलं होतं, “संध्या, तुह्या त्या बाटलीनं जंतू मरतात म्हन्तेस ना? मंग मामाजीच्या पायाले लाव की.”

“नाई आत्याबाई. ते अजून माणसावर कोणी तपासलं नाई.”

“जगासाठी करतेस आन् घरच्यासाठी नाई?”

मॅडम पीठ मळायला उठल्या. गोदाबाईंनीही विषय सोडला. पण सून काळ्या कागदात गुंडाळून, लेकरांपासून लपवून जे ठेवते ते किमतीचं असणार, एवढं गणित त्या बाईला येत होतं. सून भाकरी थापायला बसली की गोदाबाई म्हाताऱ्याची पट्टी सोडत, बाटलीतलं पाणी जखमेवर ओतत आणि पट्टी पुन्हा तशीच बांधत.

पाय बरा झाला. नामदेवराव चालत मारुतीच्या पारावर गेले, तेव्हा गोदाबाईंनी सगळ्या आळीला सांगितलं की सुनेच्या चांदीच्या पाण्यानं पाय वाचला. मॅडमना ते शेजारणीकडून कळलं. त्यांनी कोनाड्यातल्या बाटल्या पाहिल्या. दोन रिकाम्या होत्या.

पुढचं त्यांनी मला कॉलेज उघडल्यावर, प्रयोगशाळेत उभं राहून सांगितलं.

“मी म्हणलं, आत्याबाई, हे काय केलं तुमी? तर त्या म्हणे, तुनं लपवलं, म्या लावलं. पाय वाचला. आता रागावतेस काहून? मी म्हणलं, पाय इन्सुलिननं वाचला. ड्रेसिंगनं वाचला. तर म्हणे, इन्सुलिन त्या मागच्या आळीतल्या शंकरलेबी देत होते. त्याचा पाय कापला ना.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार?” मॅडमनी खिडकीतला रिकामा चंबू सरळ केला. “मलेच कुठं माहीत आहे? त्यानं फायदा झाला असेल तर? झाला नसेल तर? नुकसान होता होता वाचलं असेल तर? आता हे मले जन्मात कळणार नाई, राऊत मॅडम. एकच पाय होता. त्याले दोन्ही लावलं.”

त्यांना असं हरलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं ज्या बाईनं दर चंबूच्या शेजारी एक बिनपाल्याचा चंबू ठेवला, तुलनेसाठी, तिच्याच घरात तुलना नसलेला एक प्रयोग झाला होता. आणि त्याचा निकाल गावानं लावून टाकला होता.

मग माणसं यायला लागली. आधी मेडशीची, मग आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची. कोणी बाटली घेऊन येई, कोणी नारळ. मॅडम अंगणात उभ्या राहून तेच तेच सांगत. हे औषध नाही. चांदीच्या पट्ट्या दवाखान्यात असतात, त्या तपासून आलेल्या असतात. डॉक्टरला योग्य वाटलं तर तो लावेल. माझं पाणी काचेत जंतू मारतं, एवढंच मला माहीत आहे. लोक शांतपणे ऐकत, मान डोलवत, आणि शेवटी विचारत, “मंग थोडंसं द्याल का?”

किन्हीराजाची एक बाई होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी. पायाच्या अंगठ्याला कोयता लागलेला. मॅडम थिसिसच्या कामासाठी अमरावतीला गाइडकडे गेल्या होत्या, तर ती बाई ‘मॅडम आल्या की पाणी देतील’ म्हणून घरीच थांबली. दवाखान्यात पोचली तेव्हा पायाची दोन बोटं काढावी लागली. मॅडम तिला भेटायला गेल्या. ती बाई त्यांना म्हणाली, “तुमी गावाले गेल्या नसत्या तं बोटं राह्यली असती.”

त्या दिवसानंतर मॅडमनी बाहेरगावी मुक्काम करणं सोडलं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, ह्यांच्या कानावर हे गेलंच. ते वाईट गृहस्थ नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, प्रत्येकाला चहा पाजायचे. त्यांनी मॅडमना बोलावलं, मलाही सोबत. टेबलावर एक छानशी निळी बाटली होती, लेबलवर तरोट्याचं पान आणि शेजारी मॅडमचा, ओळखपत्रावरचा, फोटो.

“जखमेसाठी, जनावरांसाठी, पुढं पाहू फवारणीसाठी,” भाऊसाहेब म्हणाले. “शेतकरी मेळावा आहे आपला. तिथं सांगू. आपल्या मातीतलं संशोधन आहे, मॅडम. आन् तुमची ऑर्डर मी ह्या वर्षी कायम करून टाकतो. किती दिवस तासिकेवर राहाल?”

मॅडमनी बाटली उचलली. उजेडात धरली. निळ्या काचेतून काही दिसत नव्हतं.

“ह्यात काय आहे, भाऊसाहेब?”

“अजून काही नाही. ते तुम्ही भरायचं.”

“मले मेळाव्यात बोलू द्याल?” मॅडमनी विचारलं.

भाऊसाहेबांना वाटलं, झालं काम. मलाही, खरं सांगायचं तर, क्षणभर तसंच वाटलं. कायमची नोकरी म्हणजे काय हे आमच्याकडं तासिकेवर शिकवणाऱ्यालाच कळतं.

मेळावा कॉलेजच्या मैदानावर झाला. मंडपात पंखे गरगरत होते. बी-बियाणांची भाषणं झाली, मग मॅडमचं नाव पुकारलं. पुढच्या रांगेत गोदाबाई बसल्या होत्या, नव्या लुगड्यात, शेजारी नामदेवराव. मॅडमनी माइक दोन्ही काळ्या हातांत धरला आणि वर्गातली भाषा सोडून दिली.

“तुमी सगळे माह्या सासऱ्याचा पाय पाह्यला,” त्या म्हणाल्या. “तो बरा झाला, चांगलं झालं. पण त्याले दवाखान्याचं औषधबी सुरू होतं. कोणत्या गोष्टीनं बरा झाला, मले माहीत नाई. मी शिकलेली हाव, तरी मले माहीत नाई. म्हणून मी ते पाणी कोणाले देत नाई, आन् कोणी माह्या नावानं दिलं तर घेऊ नका. किन्हीराजाची एक बाई माह्या पाण्याची वाट पाहत बसली आन् तिची बोटं गेली. जखम झाली, साखर असली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. एवढंच.”

टाळ्या वाजल्या नाहीत. भाऊसाहेबांचा चेहरा हसराच होता. मंडपाच्या मागच्या बाजूला, माझ्या शेजारी, एक म्हातारे शेतकरी बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, “बाई खरं बोलून राह्यली. पण सगळं नाई सांगून राह्यली.” शेजारी म्हणाला, “सांगन कशी? एवढी मोठी वस्तू हाय.”

निळी बाटली बाजारात आली नाही, तेवढं मात्र झालं. आणि पुढच्या जूनमध्ये रसायनशास्त्राच्या वेळापत्रकात इंगोले हे नाव नव्हतं. कोणी त्यांना काही बोललं नाही. ‘विद्यार्थीसंख्या कमी आहे’ असं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

मी मेडशीला त्यांच्या घरी गेले. वाटलं होतं रडत असतील. त्या ओसरीवर तुरीचे दाणे निवडत बसल्या होत्या. थिसिस सादर झाला होता. तोंडी परीक्षाही पार पडली. गाइडनी त्यांना पुण्याला एका प्रयोगशाळेत काम पाहिलं होतं, दोन वर्षांचं. सगळी यंत्रं एका छताखाली. नवरा, गजानन, शेतातून आला होता. तो माझ्यासमोरच म्हणाला, “मी म्हणून राह्यलो, जा. पोरं मी पाहतो. आपण इतके दिवस कायच्यासाठी केलं?”

“मग जाताय ना?” मी विचारलं.

मॅडमनी मला उठवलं आणि स्वयंपाकघराच्या मागं नेलं. चुलीवर एक पातेलं रटरटत होतं. त्यात तरोट्याचा पाला होता आणि तळाशी गोदाबाईंच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या. गोदाबाई काडीनं ढवळत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

“बसा मॅडम. लोकं येतात, त्याईले रिकाम्या हातानं कसं धाडावं? संध्या देत नाई तर म्या करून देते. पैसा नाई घेत बाप्पा कोणापासून.”

“आत्याबाई, अशानं चांदी पाण्यात उतरत नाई,” मॅडम म्हणाल्या. आवाजावरून कळत होतं, हे वाक्य त्यांनी पुष्कळदा म्हटलं होतं.

“मंग कशानं उतरते ते तू सांग.”

मॅडम बाहेर आल्या. दारातल्या बाजेवर बसल्या. “दिसलं?” त्या म्हणाल्या. “मी पुण्याला गेले की इथं दवाखाना सुरू होते. आत्याबाईच्या मनात पाप असतं तर मी भांडली असती. त्याईच्या मनात दयाच आहे. दयेसोबत कसं भांडावं?”

त्या गेल्या नाहीत. पुण्याची जागा कोणी दुसऱ्यानं घेतली. दरम्यान विद्यापीठाचं पत्र आलं आणि मॅडम डॉक्टर झाल्या. इतकी वर्षं ज्यासाठी पाला उकळला ती पदवी, आणि ती त्यांना कुठं लिहिताही येईना. गजाननानं हौसेनं दारावर लावायला ‘डॉ. सौ. संध्या इंगोले’ अशी पितळी पाटी करून आणली. मॅडमनी ती कपड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवली. पण बातमी गावात गेलीच. आता लोक म्हणायला लागले, पाह्य, डॉक्टरीण तर आधीपासूनच होती, सरकारनं आता कागद दिला.

मी अधूनमधून जात असे. सकाळी अंगणात माणसं बसलेली असायची. मॅडम प्रत्येकाची जखम पाहत, साबणाच्या पाण्यानं धुऊन देत, स्वच्छ फडकं बांधत, आणि कुठल्या दवाखान्यात कुठल्या वेळी डॉक्टर भेटतात ते सांगत. सोबत जायला कोणी नसलं तर गजाननाला पाठवत, नाहीतर स्वतः जात. ती माणसं दवाखान्यात जात, बरी होत, आणि परत येऊन मॅडमच्या पाया पडत. एकजण तर म्हणाला, “तुमी पट्टी बांधताना हात फिरवला, तवाच समजलं मले, पाणी लावलं म्हणून.” मॅडमनी त्याला रिकामे हात दाखवले. तो समजूतदारपणे हसला.

“मी खोटं बोलली असती तर सुटली असती,” मॅडम एकदा मला म्हणाल्या. “चार जणांले पाणी दिलं असतं, चौघांचे पाय कुजले असते, लोकांनी शिव्या देऊन सोडून दिलं असतं. मी खरं बोलते म्हणून कोणी सोडत नाई.” त्या हसत हे बोलल्या. बांधावर त्या पावसाळ्यात तरोटा गुडघ्याएवढा माजला होता. कोणी खुडत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी अकोल्याहून एसटीनं परत येत होते. मेडशीच्या फाट्यावर बस थांबली. शेजारी वाशीमकडं जाणारी काळीपिवळी जीप भरत होती. मागच्या बाकावर, दोन पोत्यांच्या आणि चार माणसांच्या मधे चेपून, मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एका म्हाताऱ्याचा पाय होता, फडक्यात गुंडाळलेला. तो खाली लोंबू नये म्हणून दोन्ही हातांनी त्यांनी तो वर धरून ठेवला होता. म्हाताऱ्याची बायको खाली उभी होती, डोळ्यांना पदर लावून.

मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं. हात मोकळे नव्हते, म्हणून मान हलवली.

“रडू नोको व,” म्हातारा बायकोला म्हणत होता. “या डॉक्टरीणबाई सोबत हायेत. चांदीच्या पाण्यावाल्या. मी काई दवाखान्याच्या भरोशावर थोडाच चाललो.”

मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं. काही सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर म्हातारा तिथंच उतरला असता.